तुटणारा केस आणि गळणारा केस

डिसेंबर २०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस हातात यायला लागले. आधी डोक्याला खाज, मग नुसता हात फिरवला तरी पुंजका, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारी माणसं, कॉलेजातल्या मुली, शाळकरी पोरं, कुणीच सुटलं नाही. काहींनी लाजेपायी सरळ मुंडण करून घेतलं. वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन टाकलं आणि जानेवारीत आरोग्य खात्याची पथकं गावोगाव फिरू लागली.

पहिला संशय शॅम्पूवर गेला. पण ज्यांनी कधी शॅम्पूला हात लावला नव्हता त्यांचेही केस गेले होते. मग पाण्यावर बोट ठेवलं गेलं. हा भाग खारपाणपट्ट्यातला, त्यामुळे पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले यात नवल नव्हतं. मात्र तेच पाणी तिथले लोक वर्षानुवर्षं वापरत आले होते. बुरशी तपासून झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथकंही येऊन नमुने घेऊन गेली. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर, विंचूदंशावरच्या उपचारांसाठी ज्यांचं नाव जगभर घेतलं जातं, तेही या गावांत पोचले आणि त्यांनी रक्त, लघवी, केस आणि घराघरातला गहू गोळा केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला. बाधितांची संख्या १८ गावांत २७९ होती. नमुन्यांमध्ये सेलेनियमचं प्रमाण रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं, जस्त मात्र घटलेलं. रेशनवर आलेल्या गव्हाचा नमुना तपासायला ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत धाडला होता. किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम असा अहवाल आला; नेहमीचं प्रमाण १.९ मानलं जातं. पुढे एप्रिलमध्ये त्याच भागातून नखं खराब होऊन गळत असल्याच्या तक्रारी आल्या. सेलेनियम जास्त झालं की केसांपाठोपाठ नखांवर परिणाम होतो, हे विषशास्त्राच्या पुस्तकांत आधीपासून आहे.

ठाणे-डोंबिवलीतल्या कुणी लगेच पिठाचा डबा उघडून बघायची गरज नाही. शेगावची गोष्ट दुर्मीळ आहे. पण संशयितांची रांग मात्र घरोघरी हीच असते: आधी शॅम्पू, मग टँकरचं पाणी, मग तेल, आणि या तिन्हींची अदलाबदल करून झाली, दोन-चार हजार खर्च झाले, की कुठेतरी शेवटी शरीराची आठवण होते. ही रांग उलटी करायला हवी का? दरवेळी नाही. ते केसाचं नेमकं काय बिनसलंय यावर ठरतं, आणि तेवढं घरच्या घरी कळू शकतं.

केसाचे दोन भाग. त्वचेच्या आत असतो तो कूप, म्हणजे केस तयार होण्याची जागा. ती जिवंत असते, तिला रक्त पोचतं, संप्रेरकं पोचतात, ताप चढला तर तिलाही कळतं. त्वचेच्या बाहेर दिसतो तो धागा. केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा हा धागा निर्जीव असतो. कापला तर दुखत नाही, आणि बिघडला तर स्वतःहून भरून येत नाही. जाहिरातीत केसाला ‘पोषण’ मिळतं ते या निर्जीव भागाला, हे एकदा ध्यानात घेतलं की दुकानातल्या अर्ध्या बाटल्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघता येतं.

आता कंगव्यात अडकलेला एखादा केस घ्या आणि पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात बघा. एका टोकाला खसखशीहून बारीक, पांढरट गाठ दिसली तर तो मुळापासून आलेला, म्हणजे गळलेला केस. बहुतेकांना ती गाठ बघून धसका बसतो, ‘मुळासकट निघाला, आता तिथे परत येणार नाही’. खरं तर ती गाठ म्हणजे आयुष्य संपवून रीतसर बाहेर पडलेल्या केसाची खूण आहे. कूप जागेवरच असतो आणि काही दिवसांनी तिथे नवा केस उगवतो. गाठ नसेल, केस आखूड असेल, टोक फाटलेलं किंवा ब्रशसारखं विस्कटलेलं असेल, तर तो तुटलेला केस. मुंबईच्या लोकलमध्ये ‘हेअरफॉल’ हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो. दुखणी मात्र वेगळी, आणि औषधंही.

गळण्याचं गणित आधी बघू. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के कोणत्याही दिवशी वाढत असतात. ही वाढ दोन ते सहा वर्षं चालते, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांचा उतार, आणि नंतर तीनेक महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपली की केस गळतो. या हिशेबाने रोज ५० ते १०० केस जाणं हा नित्याचा व्यवहार आहे. ज्या बाई दोन दिवसांआड केसांवरून न्हातात त्यांना न्हाणीघराच्या जाळीवर तीन दिवसांचे केस एकदम दिसतात आणि त्या दिवशीचा शॅम्पू बदनाम होतो.

मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, कडक डाएट, घरातलं दुःख, असा धक्का बसला की वाढीच्या वाटेवरचे पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात. विश्रांती तीन महिन्यांची, म्हणून गळती दिसते ती दोन-तीन महिन्यांनी. ठाणे जिल्ह्यात डेंग्यू, मलेरिया आणि टायफॉइडचा हंगाम पावसाळ्याचा. ऑगस्टमध्ये तापाने झोपलेल्या मुलीचे केस ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुठीने यायला लागतात, तेव्हा ताप घरातले सगळे विसरलेले असतात. कोविडच्या लाटांनंतरही हाच अनुभव हजारो घरांनी घेतला. एरवी ही गळती सहाएक महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. यातली गंमत अशी की गळती ओसरत असताना जे काही डोक्याला लावलं जात असेल, शेजारणीने दिलेलं जास्वंदीचं तेल, कांद्याचा रस, नाहीतर इन्स्टाग्रामवर दिसलेलं सीरम, त्याला सगळं श्रेय मिळतं. ‘आमच्या हिला फरक पडला’ हे वाक्य खोटं नसतं. फक्त फरक कशाने पडला हे ठाऊक नसतं.

गळती सहा महिन्यांपुढे गेली, भांग रुंद होत चालला, तर मात्र रक्त तपासून घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. साठवणीतलं लोह कमी पडलं, थायरॉइड बिघडलं, की कूपाचं काम मंदावतं. आनुवंशिक टक्कल हा आणखी वेगळा प्रकार. पुरुषांत तो कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूवरून सुरू होतो, स्त्रियांत भांगावर दिसतो. त्यावर डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल हे औषध आहे. ते मुळात रक्तदाबाच्या गोळीच्या रूपाने आलं. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टकलावर लावायला मंजुरी मिळाली. सोडलं की फायदाही सुटतो, म्हणून ते डॉक्टरांशी बोलूनच सुरू करावं. शॅम्पू या कोणत्याही कारणापर्यंत पोचत नाही. दोन मिनिटं डोक्यावर राहून पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या वस्तूकडून तशी अपेक्षा ठेवणं हा त्या वस्तूवरही अन्यायच.

तुटणारा केस मात्र बाहेरच्या जगाचा बळी असतो, आणि इथे तेल, पाणी, शॅम्पू, कंगवा सगळ्यांची उलटतपासणी घ्यायला हरकत नाही.

केसाच्या धाग्यावर पारदर्शक खवल्यांचे सहा ते आठ थर असतात. जुन्या डोंबिवलीतल्या घरांवर कौलं जशी एकावर एक चढवलेली असायची, तशीच ही रचना, मुळाकडून टोकाकडे उतरती. खवले सपाट बसलेले असले की केस चमकतात आणि एकमेकांवरून घसरतात. ते उचकटले की केस राठ लागतो, गुंततो, आणि आतला गाभा उघडा पडून टोकं फाटतात. साठ सेंटिमीटर लांब वेणीचं टोक सुमारे पाच वर्षांचं असतं. पाच वर्षांचं ऊन, न्हाणी, रबरबँड आणि ड्रायर त्या टोकाने सोसलेले असतात. मुळाजवळचा केस आणि टोकाचा केस यांना एकच माप लावू नये ते यासाठी. शॅम्पू टाळूला लावायचा आणि कंडिशनर खालच्या अर्ध्या लांबीला, इतकी साधी विभागणी बरंच काम करते.

ओला केस फुगतो, ताणला की कोरड्यापेक्षा जास्त लांबतो, आणि तेव्हाच तो सर्वांत कमजोर असतो. सकाळच्या डोंबिवली लोकलच्या महिला डब्यात हे रोज बघायला मिळतं: घाईत न्हाऊन निघालेली बाई, ओल्या केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर क्लचर, आणि घाटकोपर येईपर्यंत तो तसाच. वर्षानुवर्षं केस घट्ट ओढून बांधले तर कपाळाजवळची रेषा मागे सरकते. तिथे तर मूळच दुखावतं आणि फार उशीर झाला तर केस परत येत नाहीत. ओले केस मोकळे सोडून किंवा सैल वेणीत ठेवून ऑफिसात गेल्यावर विंचरणं, हा कुठल्याही सीरमपेक्षा स्वस्त इलाज आहे. गर्दीत तो जमतोच असं नाही, हेही खरं.

पाण्याबद्दल ठाणे-डोंबिवलीच्या पट्ट्यात जितकं बोललं जातं तितकं क्वचित कशाबद्दल बोललं जात असेल. नळाला येणारं पाणी मुख्यतः उल्हास, बारवी आणि भातसा या नद्यांचं, धरणांचं. ते फारसं जड नसतं. प्रश्न येतो तो ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या नव्या संकुलांत किंवा २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत आलेल्या २७ गावांच्या बाजूला, जिथे नळाची तूट टँकरने आणि बोअरने भरून काढतात. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. गीझरची कॉइल पांढरी पडते, नळाच्या तोंडाशी खडूसारखा थर बसतो, अंगाच्या साबणाला फेस येत नाही, ही घरगुती लक्षणं.

असं पाणी केसांचं काय करतं? साबण वापरला तर वाईटच करतं: साबण आणि कॅल्शियम यांचा न विरघळणारा साका केसावर बसतो आणि केस चिकट-राठ लागतात. शॅम्पूतले कृत्रिम फेसकारक असा साका धरत नाहीत. मग जड पाण्याने केस ‘गळतात’ का? कोइमतूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी जड पाण्यात आणि शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवलेल्या केसांची ताणून परीक्षा घेतली. २०१३ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात केसांच्या मजबुतीत लक्षणीय फरक दिसला नाही. नंतर पाकिस्तानातून आलेल्या एका अभ्यासात मजबुती कमी झाल्याचं आढळलं. म्हणजे तुटण्याबद्दल वाद आहे. मुळापासून गळण्याबद्दल या दोन्ही अभ्यासांत काही नाही, ते धाग्याचे अभ्यास आहेत. शॉवरला लावायच्या फिल्टरवर पैसे टाकण्याआधी एवढं ठाऊक असावं. टँकरच्या पाण्याने न्हायचंच असेल तर शेवटचे दोन तांबे नळाचे किंवा पिण्याच्या पाण्याचे घ्यावेत, आणि कंडिशनर चुकवू नये.

शॅम्पूची निवड करताना किमतीपेक्षा टाळूकडे बघावं. तेलकट टाळू, रोजचा घाम, स्टेशनपर्यंतच्या रिक्षाप्रवासातली धूळ, असं असेल तर एक दिवसाआड धुवायला काही हरकत नाही; रोज धुतल्याने मुळं सैल होतात हा निव्वळ गैरसमज. कोरडे, कुरळे किंवा रंगवलेले केस असतील तर सौम्य शॅम्पू आणि कमी वेळा. केसाचा स्वतःचा सामू (पीएच) ३.६७ च्या आसपास, टाळूचा ५.५. ब्राझीलमधल्या संशोधकांनी बाजारातले १२३ शॅम्पू तपासले तेव्हा सामू ३.५ पासून थेट ९ पर्यंत पसरलेला सापडला. त्यातल्या जेमतेम ३८ टक्के शॅम्पूंचा सामू साडेपाच किंवा त्याखाली होता. सामू जितका वर तितके खवले उचकटतात. अंगाचा साबण तर नऊ-दहावर असतो. ‘मी साबणच लावतो, काही होत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या पुरुषांचे केस एक इंचाचे असतात, एवढंच त्यामागचं रहस्य. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन हे निसर्गतः फेस देणारं द्रव्य असतं. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणलेल्या शिकेकाईत नागरमोथा, आवळकाठी, गव्हला कचोरा घालून दळून आणणाऱ्या घरांनी काही बिघडवलेलं नाही. फक्त जाड दळण टाळूवर खसाखसा घासू नये, गाळून घेतलेला काढा बरा. आणि रिठा डोळ्यांत गेला की काय होतं ते दिवाळीच्या पहाटे प्रत्येक मराठी मुलाने शिकलेलं असतं.

तेलाची गोष्ट मुंबईतच घडलेली आहे. मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली आणि २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये ती प्रसिद्ध झाली. धुताना, विंचरताना केसातून किती प्रथिन निघून जातं हे त्यांनी मोजलं. धुण्याआधी लावा किंवा नंतर, केस धडके असोत की ब्लीचने बिघडलेले, प्रथिनाची गळती ठळकपणे कमी केली ती एकट्या खोबरेलाने. कारण त्याच्या घडणीत आहे. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाची साखळी सरळ आणि आखूड, त्यामुळे ती धाग्याच्या आत शिरते. आत शिरली की पाणी शोषून फुगणं कमी होतं. सूर्यफुलाच्या तेलाची साखळी वाकडी आणि अवजड. मिनरल ऑइल तर केसावर नुसतं पसरून राहतं. खोबरेल विकणाऱ्या कंपनीनेच खोबरेलाची थोरवी सिद्ध करावी, याकडे भुवई उंचावून बघायलाच हवं. पण त्याआधी, २००१ मध्ये, अमेरिकेतल्या प्रिन्सटनच्या संशोधकांबरोबर केलेल्या कामात खोबरेल केसाच्या आत गेलेलं प्रत्यक्ष टिपलं गेलं होतं, त्यामुळे मुद्दा जाहिरातीपुरता उरत नाही.

खोबरेलाच्या निळ्या बाटलीवरून कोर्टातही बरीच वर्षं गेली. छोट्या बाटलीतलं खोबरेल हे खायचं तेल की केसांचं, कारण कर त्यावर ठरायचा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींनी ते खाद्यतेल मानता येईल असा निर्णय दिला. वर्षभरात, २२ सप्टेंबर २०२५ पासून, केसांच्या तेलावरचा आणि शॅम्पूवरचा जीएसटीही १८ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि त्या वादातली हवाच गेली. ग्राहकाने लक्षात ठेवायचं ते इतकंच: बाटलीवर बदाम, आवळा किंवा जास्वंदीचं चित्र असलं तरी मागच्या यादीत पहिलं नाव ‘लाइट लिक्विड पॅराफिन’ किंवा ‘मिनरल ऑइल’ असेल, तर विकत घेतलं जातंय ते मुख्यतः तेच. ते विषारी नाही. चमक देतं, गुंता सोडवतं. खोबरेलाचं काम करत नाही, बस्स.

तेलाची एक दुखरी बाजू आहे आणि ती आज्यांना पटवणं महाकठीण. कोंडा झाला की ‘टाळू कोरडी पडलीय, तेल चोपड’ हा घरोघरचा सल्ला. कोंड्यामागे असते मॅलेसेझिया नावाची बुरशी, आणि ती टाळूवरच्या स्निग्धांशावर जगते. तेल चोपडलं की खपल्या ओल्या होऊन दिसेनाशा होतात, बुरशीची मात्र पंगत बसते. दमट हवेच्या ठाण्यात, त्यातून हेल्मेटखाली घामेजलेल्या डोक्यात, तिला आणखी काय हवं? केटोकोनाझोल किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शॅम्पू टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा, आठवड्यातून दोनदा. लावला की लगेच धुतला तर औषध गटारात जातं. कोंडा आटोक्यात येईपर्यंत तेल फक्त लांबीला.

बाटलीच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, मागच्या बाजूला कायदा. ‘कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०’ प्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावं ती तारीख आणि घटकांची उतरत्या प्रमाणात यादी छापावी लागते. आयात माल असेल तर नोंदणी क्रमांक. ही माहिती नसलेली ‘होममेड’ बाटली, ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कितीही ओळखीच्या बाईंनी विकायला ठेवलेली असो, घेऊ नये. यात एक पळवाट मात्र नियमानेच ठेवलेली आहे: ६० मिलिलिटरपेक्षा लहान पॅकवर घटकांची यादी बंधनकारक नाही. स्टेशनबाहेरच्या टपरीवर लोंबणाऱ्या पाऊचांच्या माळेवर म्हणूनच फारसं काही वाचायला मिळत नाही. ज्यांना एकदा ॲलर्जी झालेली आहे त्यांनी त्याच शॅम्पूच्या मोठ्या बाटलीची मागची बाजू दुकानात वाचून घ्यावी.

खरी काळजी घ्यायची ती रंगाची आणि सरळ करण्याच्या उपचारांची. काळ्या डायमध्ये बहुधा पॅराफिनिलीनडायअमीन असतं, लेबलवर ते पीपीडी म्हणूनही सापडतं. त्याची ॲलर्जी झाली की टाळूला खाज, कानामागे पुरळ आणि डोळे सुजून बंद, असा प्रकार होतो. पाच वर्षं लावून काही झालं नाही म्हणून सहाव्या वर्षी होणार नाही असं नाही. पीपीडी असलेल्या डायच्या खोक्यावर आधी चाचणी करण्याची, आणि पापण्या-भुवयांना लावू नये, आंधळेपण येऊ शकतं, अशी सूचना इंग्रजी आणि स्थानिक भाषेत छापणं कायद्याने सक्तीचं आहे. खोक्यावरची ती चार ओळींची बारीक अक्षरं वाचतो कोण! कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास थांबणं, दरवेळी, इतकंच ते मागणं आहे. ‘काळी मेंदी’ हा सोज्वळ वाटणारा पर्याय तर अधिक फसवा. मेंदीच्या पाल्याचा रंग केशरी-तांबूस; मेंदी आपल्या अंगच्या गुणाने काळी होत नाही. मेंदीवर निळीच्या पाल्याचा दुसरा हात दिला तर काळपट छटा येते, पण त्याला वेळ लागतो. वीस मिनिटांत काळे केस करणाऱ्या मेंदीच्या पुडीत पीपीडी आहे का, ते शोधायलाच हवं.

लग्नसराईत ठाण्याच्या गोखले रोडपासून कल्याणच्या गल्लीबोळांपर्यंतची पार्लरं ‘केरॅटिन’, ‘स्मूदनिंग’, ‘नॅनोप्लास्टिया’ अशा पाट्यांनी भरतात. जुन्या रिबॉण्डिंगमध्ये केसातले गंधकाचे बंध रसायनाने तोडून, केस सरळ करून पुन्हा जोडतात. चूक झाली तर केस तुटतो, पण नुकसान केसापुरतं. केरॅटिनच्या अनेक मिश्रणांतून इस्त्रीच्या उष्णतेने फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो, जो आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेला आहे. डोळे चुरचुरायला लागले तर तो नाकातोंडातही जातोय, आणि त्या खोलीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलीच्या तर रोजच. ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ पाटीखाली बऱ्याचदा ग्लायऑक्झिलिक आम्ल आलं. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची नोंद छापली. तिने केस सरळ करून घेतले तीनदा, २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये, आणि तिन्ही वेळा तिची मूत्रपिंडं अचानक बिघडली. क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्झिलिक आम्ल होतं. तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून बघितल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसले. पार्लरमध्ये खुर्चीत बसण्याआधी बाटली हातात मागून मागची यादी वाचावी. मालकीण बाटली दाखवायला तयार नसेल तर उठून यावं. गरोदर बाईने, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने या वाटेला जाऊच नये.

डॉक्टरांकडे जायची वेळ कधी? केस चकत्यांनी जात असतील, टाळू लाल, पूयुक्त किंवा दुखरी असेल, लहान मुलाच्या डोक्यावर खपल्यांचे चट्टे असतील, तर त्याच आठवड्यात. ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय हे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि तिथल्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नये. डॉक्टर पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून हलकेच ओढून बघतात. सहाहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे असं समजतात, आणि आदल्या रात्री चोपडलेल्या तेलात किंवा तासाभरापूर्वी धुतलेल्या केसांत ही परीक्षा फसते. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी, गेल्या सहा महिन्यांतलं आजारपण आणि डाय-शॅम्पूच्या मागच्या बाजूचा फोटो बरोबर असावा. ‘केसांसाठी’ म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगावं: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच इशारा दिला आहे की बायोटिनमुळे रक्ताच्या काही चाचण्यांचे आकडे चुकतात, आणि त्यात केसगळतीसाठी हमखास लिहून दिली जाणारी थायरॉइडची चाचणीही येते.